शैलाचं बारसं

मी ज्या देशात राहते त्याचं नाव इथं लिहीत नाही. यावर माझा मुलगा हसतो. म्हणतो, "आई, तुझं सगळं आयुष्य इथं गेलं, तू इथली नागरिक आहेस, आता तुला कोण काढतंय?" त्याला काय सांगायचं. तो इथं जन्मला. त्याच्या जन्माची नोंद मी शुद्धीवर यायच्या आत झाली होती. मी अजून कोपऱ्यावर दूध आणायला जाते तेव्हा पिशवीत पासपोर्ट असतो. विमानतळावर काचेचं दार आपोआप उघडतं, तर त्या दारालाही मी थँक्यू म्हणते. या देशानं मला काम दिलं, हॉस्पिटलच्या चादरी धुवायचं का होईना, पण कधी पगार चुकवला नाही. गुडघा दिला, तोही नवा. मी नववी नापास नाही, नववी सोडलेली, तरी मला इथं सगळे 'मिसेस' म्हणतात. यांचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी माझी फाइल पुन्हा उघडू नये, एवढीच इच्छा.

पण माझं पहिलं स्थलांतर या देशात नव्हतं, ते घाटकोपरला झालं, मालवणाकडून. आणि त्याला कसलाच कागद लागला नाही. मावशी गावी आली होती, माझ्या आईची धाकटी बहीण. तिची तीन वर्षांची शैला तापानं गेली होती आणि मावशी जेवत नव्हती. आईला तेव्हा माझ्या भावाच्या वेळचे दिवस होते. ओसरीवर आई मावशीला म्हणाली, "कुंदाक घेऊन जा गो थोडे दिवस. तुझो जीव रमात." एवढीच आमची इमिग्रेशनची मुलाखत. एस.टी.त कंडक्टरनं विचारलं, मुलगी किती वर्षांची, तर मावशी म्हणाली, "दोन." मी साडेतीनची. कंडक्टरनं माझ्या लांब हातांकडे बघितलं, मावशीच्या तोंडाकडे बघितलं आणि पुढे गेला. पुढच्या आयुष्यात माझं वय ठरवायला बरेच लोक बसले, शिकलेले, कोटवाले. इतक्या झटपट कुणी ठरवलं नाही. घाटकोपरला पोचल्यावर मावशीनं ट्रंकेतून शैलाचे फ्रॉक काढले. ते मला बरोबर बसले, फक्त बाहीतून हात वीतभर बाहेर. थोडे दिवस म्हणून गेले ती सतरावं संपेपर्यंत तिथंच राहिले.

टेकडीच्या पायथ्याशी चाळ, तिच्या दुसऱ्या मजल्यावर एक खोली, खोलीत पोटमाळा. सकाळी पहिला आवाज स्टोव्हला पंप मारल्याचा, दुसरा नळावरच्या बायकांचा, तिसरा काकांच्या खोकल्याचा. काका म्हणजे मावशीचे यजमान, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. कापसाची तूस त्यांच्या भुवयांवर बसलेली असायची, म्हणून मला लहानपणी ते फार म्हातारे वाटत. आमच्याकडे मासे नसतील तो दिवस उपासाचा. बांगडे नाहीत तर सुकट, सुकट नाही तर निदान सोलकढीत बोट बुडवून 'वास येतो' म्हणायचं. मावशी पाट्यावर खोबरं-मिरची वाटायला बसली की वरवंट्याच्या प्रत्येक फेरीला एकेका शेजारणीचा उद्धार व्हायचा. तिच्या हातची तिरफळं घातलेली बांगड्याची कढी मी इथं कितीदा करून बघितली. इथं बांगडे मिळतात, तिरफळं मुलगा इंटरनेटवरून मागवतो, पाटा नाही. आणि उद्धार करायला शेजारीण नाही. आमच्या शेजारणीला मी गेल्या नाताळात केक दिला, तिनं आभाराचं कार्ड पोस्टानं पाठवलं. भिंतीला भिंत लागून आहे.

शाळेत घालायची वेळ आली तेव्हा म्युनिसिपालिटीच्या शाळेचे हेडमास्तर म्हणाले, जन्माचा दाखला आणा. काका म्हणाले, "गुरुजी, पोरगी घरी झालेली, गावाकडे. दाखला कुठला?" हेडमास्तरांना हे रोजचंच होतं. मला म्हणाले, "उजवा हात डोक्यावरून घे आणि डावा कान पकड." कान हाताला लागला की मूल सहा वर्षांचं, नाही लागला तर पुढच्या वर्षी या, असा हिशेब. मी कान पकडला. नुसता पकडला नाही, पिळून दाखवला. आमच्या आईकडचं सगळं घराणं लांब हातांचं, आजोबा उभ्यानं गुडघा खाजवायचे. "सहा पूर्ण," हेडमास्तर म्हणाले आणि त्यांनी लिहिलं, जन्मतारीख एक जून. त्या वर्गातल्या निम्म्या पोरांचा वाढदिवस एक जूनला असायचा. शाळा जूनमध्ये सुरू होते, त्यामुळे आम्ही सगळे सोयीनं जूनमध्ये जन्मलो. मी खरी जन्मले श्रावणात, आणि मला त्या दिवशी पाचवंसुद्धा पुरं झालं नव्हतं. मावशी खूष. म्हणाली, "एक वर्स वाचला." ते वर्ष पुढे कसं वसूल झालं, तेच सांगतेय.

माझे वडील, आप्पा, बोटीवर स्वयंपाकी होते. एका बंदरावर उतरले ते उतरलेच. त्या काळी त्या देशाला माणसं हवी होती, कुणी फार विचारत नसे. मग त्यांनी आईला आणि लहान भावाला बोलावून घेतलं. माझा नंबर 'पुढच्या वर्षी' होता. तेवढ्यात त्या देशाला माणसं पुरेशी झाली आणि कायदा आला. कायदा साधा होता: मूल अठरा वर्षांच्या आतलं पाहिजे, लग्न झालेलं नको, आणि आई-बापांचंच पाहिजे. वय मोजायचं ते मुलाखतीच्या दिवशी. काकांनी पासपोर्टासाठी चौकशी केली, तर खिडकीवरच्या माणसानं सांगितलं, "जन्मतारखेसाठी लिव्हिंग आणा." लिव्हिंग म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. आता शाळा सोडल्याशिवाय शाळा सोडल्याचा दाखला कसा मिळणार? काका नियमाला घाबरणारे. त्यांनी माझी शाळा सोडवली. नववीत, सहामाहीनंतर. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "अहो, मुलगी हुशार आहे." काका म्हणाले, "बाई, तिकडे शाळा यापेक्षा मोठ्या आहेत." पुढे कित्येक वर्षांनी मला कळलं की शाळेत शिकतेय असं एक पत्र शाळेकडून आणलं असतं, त्यावर जन्मतारीख घातली असती, तरी चाललं असतं. हे मी काकांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.

दाखला घेऊन आम्ही रांगेत लागलो. रांग म्हणजे उभं राहायची नव्हे, घरी बसायची. अर्ज जायचा, कधीतरी उत्तर यायचं, अमुक जोडलं नाही, ते जोडायचं, पुन्हा बसायचं. मी घरी फॉल-पिको शिकले, कुळथाची पिठी शिकले, मावशीचे केस विंचरायला शिकले. चाळीत कुणी विचारलं, "काय गं, कधी जाणार?" की मी म्हणायची, "झालंच." अशी तीन वर्षं झालंच झालं. शेवटी मुलाखतीची तारीख आली, जुलैमधली. काकांनी दाखला उघडला, बोटांवर मोजलं आणि खाली बसले. एक जूनला मी अठरा पूर्ण केली होती. खरं बघितलं तर मला सतरावंही पुरं व्हायचं होतं. पण ते कुणी बघितलं होतं?

काका हुशारी करायला गेले. म्हणाले, "अगं, आपल्याकडे एक पक्का दाखला आहे. म्युनिसिपालिटीचा, शिक्क्याचा. शैलाचा." शैला घाटकोपरच्या प्रसूतिगृहात जन्मली होती, त्यामुळे घरात जन्माचा खरा दाखला एकच होता, तिचा. श्रावणातला, मी खरी जन्मले त्याच वर्षाचा. "कुंदाला शैला करू. वय बसतं."

मावशीनं हातातली पळी खाली ठेवली. "आणि आईचा नाव काय लिवलला त्येच्यार?"

काकांनी दाखला उलगडून बघितला.

"माझा! मगे ही माझा चेडू झाला. माझ्या चेडवाक तो देश कशाक घेतलो? तिचो बापूस गिरणीत, बापूस खंय बोटीर?" मग म्हणाली, "आणि माझा शैला मेला ता एकदाच. परत कागदार मारू नको."

तर परिस्थिती अशी होती. एका कागदावर मी आप्पांची मुलगी होते, पण म्हातारी. दुसऱ्या कागदावर वयानं बरोबर, पण मावशीची. मनात मी मावशीचीच होते. नेमकं तेवढंच कुठं सांगायचं नव्हतं.

चाळीत खाली एक गृहस्थ राहायचे, त्यांचा पुतण्या अशाच मुलाखतीला जाऊन आला होता. ते म्हणाले, "वयाचा संशय आला की हाडांचा फोटो काढतात. मनगटाचा. हाडं सांगतात किती वर्षं झाली." हे ऐकल्यावर मावशीनं आमच्या घरातले मासे बंद केले. तिचं म्हणणं, माशांनी हाडं वाढतात. आता उरलेल्या दिवसांत हाड जेवढं कमी वाढेल तेवढं बरं. मी म्हटलं, "मावशी, आधी वाढलेलं हाड आता मागे जाईल काय?" तर म्हणाली, "मागे जाव नको, पुढे तरी जाव नको." सकाळ-संध्याकाळ पिठी-भात. तिनं स्वतःही सोडले, मुलीसमोर बांगडा कसा खायचा म्हणून. काकांनी आठवडाभर कळ काढली आणि मग गिरणीच्या दाराशी तळलेली सुरमई खाऊन येऊ लागले. घरी आल्यावर मावशी त्यांचे हात हुंगायची. मला दोन वेण्या घातल्या, लाल रिबिनी बांधल्या, गुडघ्यापर्यंतचा फ्रॉक शिवला. आरशात बघितलं तर सर्कशीत काम करणारी बुटकी बाई दिसत होती, फक्त हात माकडाचे.

परवा इथं टीव्हीवर एका होडीतून आलेली पोरं दाखवत होते. त्यांचे दात तपासून वय ठरवावं की हाडं तपासून, यावर दोन शिकलेली माणसं भांडत होती. एका पोरानं दाढी इतकी घासून काढली होती की गाल सोलला होता. मुलगा म्हणाला, "आई, तू का रडतेस?" मी म्हटलं, कांदा चिरलाय.

मुलाखतीला मावशी सोबत आली, पालक म्हणून. वकिलातीतल्या साहेबांना सर्दी झाली होती, टेबलावर रुमालांचा ढीग. बाजूला दुभाषे, पार्ल्याचे, इस्त्रीचे, 'आपण' म्हणणारे. साहेबांनी दाखला बघितला आणि काहीतरी म्हणाले. दुभाषे म्हणाले, "साहेब म्हणतात, आपण अठरा पूर्ण आहात. मग आपण का आलात?"

मी पाठ केलेलं सगळं विसरले आणि खरं बोलले. हेडमास्तर, कान, लांब हात. साहेब म्हणाले, "करून दाखव." मी लाल रिबिनीवरून हात नेऊन कान पकडला. साहेब दुभाष्यांकडे बघत राहिले, ही चेष्टा आहे का म्हणून. दुभाषे खाकरले. म्हणाले, "सर, माझीसुद्धा जन्मतारीख एक जूनच आहे." मग साहेबांनी, आजही मला ते दिसतात, इकडेतिकडे बघून आपला उजवा हात डोक्यावरून नेला. कान सापडला. म्हणजे तेही सहा वर्षांचे पूर्ण होते. ते म्हणाले, "आमच्याकडे रोज वीस वर्षांची मुलं येतात, कागदावर पंधराची. कागदावर मोठी असलेली तू पहिलीच." मला वाटलं बक्षीस देतायत. त्यांनी हाडांचा फोटो काढायला पाठवलं.

फोटो निघाला. आठवड्यानं पुन्हा बोलावलं. डॉक्टरांनी लिहिलं होतं, वय सोळा ते एकोणीसच्या दरम्यान. मावशी परतताना म्हणाली ते आधी इथं लिहून टाकते: "एवढा यंत्र, एवढी वीज, आणि ह्या तर आमच्या कंडक्टराकय कळला असता." पण त्या खोलीत ती नुसती कमरेची पिशवी चाचपत होती. साहेब सांगत होते की अर्धं वय नियमात बसतं आणि अर्धं बसत नाही, तेव्हा त्यांना दाखलाच धरावा लागेल. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मला कळलं, हे पेन टेकलं की संपलं. आईचा चेहरा मला धड आठवत नव्हता. भावाचा आवाज मी ऐकलाच नव्हता. तरी मला जायचं होतं. कुणाकडे म्हणून नाही, तर तीन वर्षं मी चाळीत सगळ्यांना 'झालंच' सांगत होते म्हणून.

मावशीनं कमरेची पिशवी सोडली आणि त्यातून चार घड्यांचा कागद काढून टेबलावर ठेवला. शैलाचा. मला वाटलं, वाट लागली. काकांचं ऐकलं हिनं. आता मला शैला म्हणून पुढे करणार. मी तिचा पदर ओढला. तिनं माझा हात झटकला.

"साहेबांक सांगा," ती दुभाष्यांना म्हणाली, "ह्यो माझ्या चेडवाचो. हिचो नाय. माझा चेडू आता नाय. पण त्येच्या बारशाच्या दिवशी गावसून तार इली. तार म्हटल्यार आमी बायका आधी रडाक लागलो, कोण गेला म्हणान. पाळण्याची गाणी बंद. ह्येंनी वाचली, तर 'सकाळी मुलगी झाली, दोघी सुखरूप.' ती ही. ज्या दिवशी माझ्या चेडवाचा नाव ठेवला, त्याच दिवशी ही जन्मली. बारशाचो दिवस कोण आवस विसारता?"

दुभाष्यांना बारसं समजावून सांगायला बराच वेळ लागला. बाराव्या दिवशी, सर. पाळण्यात, सर. नाही, बाप्तिस्मा नाही, सर. साहेबांनी म्युनिसिपालिटीचा शिक्का उजेडात धरून बघितला. मग टेबलावरचं कॅलेंडर ओढलं, कोऱ्या कागदावर ते जुने दिवस मांडले आणि पेनाच्या टोकानं बारा मोजले. मोजून झाल्यावर विचारलं, "ही दुसरी मुलगी कुठे आहे?"

दुभाष्यांनी मराठीत विचारलंच नाही. इंग्रजीतच काहीतरी उत्तर दिलं. साहेबांनी नाक पुसलं. म्हणाले, या सगळ्या फाइलीत खरा कागद हा एवढाच आहे. आणि माझी जन्मतारीख त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिली, श्रावणातली. मी सतराला काही दिवस कमी अशी झाले. या देशात माझं वय आजही तेच धरतात. त्यामुळे पेन्शन चौदा महिने उशिरा सुरू झालं, तर मी तक्रार केली नाही. कुठल्या तोंडानं करणार?

उठताना मावशीनं कागदासाठी हात पुढे केला. साहेब काही बोलले. दुभाषे खाली बघत म्हणाले, "मावशी, पुरावा म्हणून मूळ कागद फाइलला राहील. आता तो तिकडे जाईल, हिच्यासोबत." 'आपण' वगैरे गेलं, 'मावशी' आलं. मावशी थोडा वेळ हात तसाच पुढे धरून उभी होती. मग तिनं त्याच हातानं माझी सुटलेली रिबीन बांधली. म्हणाली, "चल. बांगडे घेऊन जावया."

नंतर ती म्युनिसिपालिटीत नक्कल मागायला गेली होती. खिडकीवर विचारलं, मुलीला कशासाठी हवाय, शाळेसाठी की पासपोर्टासाठी? ती म्हणाली, कशासाठीच नाही. तर म्हणाले, कारण नसेल तर कशाला हवाय. ती परत आली. हे मला काकांच्या पत्रातून कळलं. काका गेले तेव्हा मला जाता आलं नाही. कायम राहायचा शिक्का मिळेपर्यंत देश सोडायचा नाही, असं इथल्या ऑफिसातल्या बाईंनी गोड आवाजात समजावलं होतं, आणि मी थँक्यू म्हटलं होतं.

गेल्या वर्षी मुलगा माझ्या मागेच लागला की लिही, माग तो कागद, तुझा हक्क आहे. हक्क शब्द ऐकून मी आधी पिशवीतला पासपोर्ट जागेवर आहे ना ते बघितलं. पण मावशी नव्वदीला आली, डोळे अजून चालतात, तोवर तिच्या हातात पडावा असं वाटलं. अर्ज केला. उत्तर आलं, फार सभ्य. अमुक फाइलमध्ये सदर दाखला सुरक्षित आहे. तथापि तो तुमच्या नावाचा नाही. ज्या व्यक्तीच्या नावाचा आहे, त्या व्यक्तीनं स्वतः ओळखपत्रासह अर्ज करावा.

मावशी आता मुलुंडला तिच्या पुतण्याकडे असते, लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये. रविवारी मी फोन करते. ते उत्तर मी तिला वाचून दाखवलं, मराठी करून. मला वाटलं ती चिडेल, हेडमास्तरांपासून साहेबांपर्यंत सगळ्यांचा उद्धार करील, पाटा नसला तरी. पलीकडे पुतण्याची सून मिक्सर फिरवत होती. मावशीनं आधी तो बंद करायला लावला.

मग म्हणाली, "जावंदे गो. तेवढ्यान तिका तरी परदेस बघूक गावलो."